चौथी बाटली

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बाईंनी लेकीच्या दारात उभे राहून श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंकले आणि पडद्यावर शून्य पूर्णांक शून्य दोन हा आकडा उमटला. बाईंनी दारू सोडली त्याला त्या दिवशी सात वर्षे, दोन महिने आणि एकोणीस दिवस झाले होते.

"परत," लेक म्हणाली.

बाईंनी परत फुंकले. आकडा तोच.

"आता तू फुंक."

"मी कशाला?"

"यंत्र बिघडलंय की मी, हे माझ्या एकटीच्या फुंकण्यातून कसं कळणार?"

लेकीने नळीचे तोंड बदलून फुंकले. तिन्ही जागी शून्य. बाईंनी पिशवीतून वही काढली, वेळ लिहिली, खाली तिन्ही नोंदी केल्या. लेक त्यांच्या हलणाऱ्या पेन्सिलीकडे पाहत राहिली.

हा नियम नात जन्मली तेव्हा ठरला होता. दर गुरुवारी आजीने नातीला न्यायचे, संध्याकाळी आणून सोडायचे, आणि नेण्याआधी दारात फुंकायचे. नियम लेकीचा होता. बाईंनी त्यावर हुज्जत घातली नव्हती, कारण न मोजता विश्वास ठेवू नये हे लेकीला त्यांनीच शिकवले होते. चार वर्षांत दोनशेच्या आसपास गुरुवार झाले होते आणि प्रत्येक गुरुवारी शून्य आले होते.

"काय घेतलंस?"

"पाच बिअर."

आत जावयाच्या हातून काहीतरी खाली पडले.

"पाचही शून्याच्या," बाईंनी वाक्य पुरे केले. "गुरुवारची चाखणी असते. तुला ठाऊक आहे."

"आई, खोकल्याचं औषध. केकमधली रम. गुळण्या करायचं पाणी. तू बाबांना जे जे सांगायचीस ते सगळं मला पाठ आहे. शून्याची बिअर तेवढी नवीन."

"ते सगळं खोटं होतं. हे खरं आहे."

"तेव्हाही तू अगदी असंच म्हणायचीस. अशीच ताठ उभी राहून."

लेकीचे निरीक्षण अचूक होते.

लेकीच्या मागून नात पुढे आली. "आजी, माझा एक बूट घालून झाला."

"दुसरा राहू दे, चिमणे," लेक मागे न वळता म्हणाली.

बाईंनी वही मिटली. "मी प्यायले नाही, आणि ते मी सिद्ध करून दाखवेन."

"सिद्ध नको करूस. कबूल कर. मग पुढचं बोलता येईल."

"जे केलं ते कबूल न करायची मला सवय होती. ती मोडली. आता जे केलं नाही ते कबूल करायची सवय लावून घेणार नाही."

दार हलकेच लागले. आपटले असते तर बाईंना बरे वाटले असते.

*

सव्वीस वर्षे बाईंनी शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर पेयांविषयीच्या एका मासिकाने त्यांना बिनदारूच्या बिअरच्या परीक्षणासाठी बोलावले, कारण बाकीचे परीक्षक विशेषणे लिहीत आणि बाई दोष लिहीत. मंडळात चौघे होते: संपादक, एका खाणावळीचा आचारी, पियानो सुरात लावून देणारे एक गृहस्थ आणि बाई. बाईंना पाठीमागे सगळे 'लिटमस' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

नाव दिसू नये म्हणून बाटल्या संपादकांच्या जुन्या मोज्यांत घालून, वर क्रमांक लावून टेबलावर येत. पियानोवाले प्रत्येक वेळी मोजे धुतलेले आहेत का असे विचारत आणि संपादक प्रत्येक वेळी तोच विनोद करत. बिअर चाखून थुंकत नाहीत. तिचा कडूपणा घशात उतरल्याशिवाय कळत नाही. आणि मंडळाची एक रीत होती. गुण देऊन झाले की ज्याला जी बाटली सर्वांत आवडली ती त्याने उचलायची आणि उरलेली संपवायची, म्हणजे फारसे काही मोरीत ओतावे लागत नाही.

त्या गुरुवारी बाईंनी चौथी उचलली होती. अर्ध्या लिटरची बाटली. बाकीच्यांनी तिच्यातून जेमतेम घोट घोट घेतला होता. आचाऱ्याला ती कोरडी वाटली, पियानोवाल्यांना कडू. बाईंनी तिला दहापैकी आठ दिले. तीन वर्षांत त्यांनी कुणालाही सातापुढे जाऊ दिले नव्हते.

घरी येऊन त्यांनी वहीतली नोंद वाचली. 'कोरडी. मागे गोडवा रेंगाळत नाही. अंगाने भरलेली. शेवटी ऊब. २.४०.' त्याखाली त्यांनी लिहिले: 'अनुमान पहिले, यंत्र. फेटाळले. दुसरे, मी. फेटाळले. तिसरे, बाटली.' दुसरे अनुमान फेटाळायला त्यांच्याकडे स्वतःच्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता, आणि त्या शब्दाला लेकीच्या घरी काय भाव आहे हे त्यांनी नुकतेच पाहिले होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी संपादकांना फोन लावला.

"चौथ्या बाटलीचा मजकूर थांबवा."

"आठ गुण देऊन? बाई, या वेळी मथळाच तो आहे. लिटमसचा रंग बदलला, असं—" संपादक अडखळले. "म्हणजे, आमच्यात गमतीने म्हणतात तसं."

"तिच्यात दारू आहे."

"कारखान्याने प्रमाणपत्र पाठवलंय. शून्य. माझ्यासमोर आहे."

"ते ज्या बाटलीचं असेल तिच्यात नसेल. मी प्यायले तिच्यात आहे."

बाईंच्या त्या जुन्या वर्षांबद्दल संपादकांना माहिती होती, आणि ते सभ्य गृहस्थ असल्यामुळे ती माहिती त्यांच्या आवाजात आली नाही. फक्त आवाज जरा सावकाश झाला.

"तुम्हाला... तसं वाटलं का?"

"वाटण्याचा प्रश्न नाही. मी मोजणार आहे."

"सोमवारी दुपारी अंक छापखान्यात जातो. मजकूर मागे घ्यायचा कागद पाठवतो. बाटली, दोष, मोजमाप आणि कारण. चारही रकाने भरून द्या. कारणाशिवाय मी काही मागे घेत नाही, ठाऊक आहे तुम्हाला."

"तो नियम मीच करायला लावला होता तुम्हाला," असे म्हणून बाईंनी कारखान्याचे नाव लिहून घेतले आणि फोन ठेवला.

*

शनिवारी सकाळी दहा वाजता बाई लेकीच्या स्वयंपाकघरात हात मागे बांधून उभ्या होत्या. अटी त्यांनीच घातल्या होत्या. बाटल्या लेकीने, लेकीला वाटेल त्या दुकानातून आणायच्या: एक त्या कारखान्याची, एक दुसऱ्या कुणाची. झाकण लेकीने उघडायचे. पातेले लेकीचे, माप लेकीचे, आकडे वाचणार लेक. बाई फक्त सांगणार.

"कशालाही हात लावणार नाही. शिंकले तर तेही लिहून ठेव."

"आई, ही शिक्षा नक्की कोणाला आहे?" जावयाने दारातून विचारले.

"तुम्हाला. गाडीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी लागेल. अर्धा लिटर. आणा."

जावई मुकाट्याने खाली गेला. लेक बाटलीवरचे लेबल वाचत होती.

"आणि हिच्यात काही निघालं नाही तर?"

"तर मी प्यायले होते असं लिहून देईन. तारीख घालून."

"आणि गुरुवार?"

बाईंनी आणून ओट्यावर ठेवलेली लांबट पेटी कोपराने तिच्याकडे सरकवली. पेटीत घनतामापी होता: काचेची बंद नळी, तळाला छर्रे, वर बारीक आकड्यांची पट्टी. "मग गुरुवार नाही," त्या म्हणाल्या.

लेकीने बिअर या भांड्यातून त्या भांड्यात ओतून तिच्यातला वायू घालवला. अडीचशे मिली मोजून घेतली, नळी तरंगत ठेवली, आकडा लिहिला. मग ती पातेल्यात ओतून निम्मी होईपर्यंत खळखळ उकळायची, निवू द्यायची, शुद्ध पाणी घालून पुन्हा बरोबर अडीचशे करायची आणि पुन्हा नळी सोडायची.

"याने कळतं काय?" जावयाने विचारले.

"दारू पाण्यापेक्षा हलकी असते. ती आत असेल तर उकळताना निघून जाते, तिची जागा पाणी घेतं आणि नळी वर येते. नसेल तर नळी होती तिथेच थांबते."

आधी दुसऱ्या कारखान्याची बाटली. उकळण्यापूर्वी एक पूर्णांक शून्य एक दोन. उकळल्यावर एक पूर्णांक शून्य एक दोन.

"म्हणजे काहीच नाही," लेक म्हणाली. तिच्या आवाजात निराशा होती, आणि ती बाईंनी ऐकली. तिलाही आईचेच बरोबर निघायला हवे होते तर.

"म्हणजे पद्धत बरोबर आहे. आता आपली."

आपली बाटली उकळण्यापूर्वी एक पूर्णांक शून्य शून्य सहा होती. पातेले ओट्यावर निवत असताना जावयाने एकदा वाकून वास घेतला, काहीतरी म्हणायला तोंड उघडले आणि बायकोकडे पाहून मिटले. मग लेकीने पाणी घातले, ढवळले, तापमान पाहिले, नळी सोडली. नळी एकदा बुडून वर आली आणि थरथरत थांबली.

लेकीने डोळे पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचला. पुन्हा वाचला. "तू वाच रे."

"एक पूर्णांक शून्य एक... शून्य," जावई म्हणाला.

"फरक चार हजारांश," बाई म्हणाल्या. "म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. साध्या बिअरच्या निम्म्याहून जास्त."

"शून्याच्या नावाखाली!" जावयाने ओट्यावर थाप मारली. "आई, तुम्ही सुटलात की."

लेक सुटल्यासारखी दिसत नव्हती. ती नळी कोरडी करत राहिली, कोरडी झाल्यावरही.

"पाचांतली तू नेमकी हीच संपवलीस."

"हो."

"तुला कळलं नाही?"

बाईंना 'नाही' म्हणता आले असते. जावयाचा चेहरा पाहता त्यावर त्याचा तत्काळ विश्वास बसला असता.

"वहीत 'ऊब' लिहिलंय. दोन चाळीसला. बाटली त्यानंतर संपवली."

"म्हणजे कळलं."

"जिभेला कळलं. मी तिचं ऐकलं नाही. यादीत पाचही शून्य होत्या, मी यादीचं ऐकलं. चव आवडली आणि कारण विचारलं नाही."

लेकीने नळी पेटीत ठेवली. "आता त्या कारखान्यात जाणार असशील."

"दुपारी."

"मी येते. तू एकटी गेलीस तर तो काय म्हणाला तेही मला तुझ्याच तोंडून ऐकावं लागेल."

*

कारखाना हा शब्द त्या जागेला मोठा होता. टायरच्या गोदामामागे पत्र्याची एक शेड, आत पोलादाच्या तीन टाक्या आणि एक मोठे उघडे पातेले. कारखानदार पन्नाशीचा होता, पायात रबरी बूट, हातात पाण्याची नळी. बाईंनी नमस्कारात वेळ घालवला नाही.

"तुमच्या शून्यात पावणेतीन टक्के दारू आहे."

"शक्यच नाही, मॅडम. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे."

"कधीचं?"

"गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीचं."

"त्यानंतर काय बदललंत?"

कारखानदाराने खाली वाकून नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबल्यावर शेड मोठी वाटू लागली.

"आच," तो म्हणाला.

त्याने सरळ सांगितले. तो आधी साधी बिअर करतो आणि मग या पातेल्यात तापवून तिच्यातली दारू घालवतो. पूर्वी तो ती तासभर खळखळ उकळत असे. गेल्या वर्षीपासून अठ्ठ्याहत्तर अंशांवर धरतो, चाळीस मिनिटे.

"अठ्ठ्याहत्तर का?"

"दारू अठ्ठ्याहत्तरला उडते ना."

"शुद्ध दारू उडते!" बाईंचा आवाज पत्र्याला लागून परत आला. "बिअरमध्ये शंभरात चार-पाच भाग दारू आणि बाकी पाणी. ती पाण्याला धरून बसलेली असते. अठ्ठ्याहत्तरला थोडी जाते, उरलेली आरामात राहते. आणि तुम्ही नंतर मोजलंही नाहीत?"

"तपासणी महाग पडते, मॅडम. वर्षाला एकदा करतो. या वर्षीची राहिली."

"ही बिअर कोण घेतं ठाऊक आहे? ज्याला गाडी चालवायची आहे तो. पोटुशी बाई. गोळ्या चालू असलेला म्हातारा. आणि दारू सोडलेली माणसं. त्यांना तुमच्या बाटलीत जुनी ओळख भेटते आणि ते खूश होऊन बाटली संपवतात. पुढची बाटली ते शून्याची घेतील याची हमी तुम्ही देता? दारात कुणी यंत्र घेऊन उभं असेल तर त्यांनी काय सांगायचं?"

लेक जमिनीकडे पाहत होती.

कारखानदाराने हात पुसले. "सगळा माल परत मागवतो. आजच फोन करतो दुकानांना."

"ते तुम्ही करालच. मला कारण हवंय. अठ्ठ्याहत्तर तुम्हाला सांगितलं कोणत्या शहाण्याने?"

कारखानदाराने टाक्यांच्या मागच्या भिंतीकडे बोट केले. तिथे एक कात्रण प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेले होते. बाईंनी चष्मा लावला.

'ही बिअर तिच्या मालकाने जिवंतपणी उकळून मारली आहे. भाज्या शिजवून उरलेल्या पाण्याला फेस आणला तर असेच लागेल. दारू अठ्ठ्याहत्तर अंशांना उडते; तिच्यासाठी शंभर अंशांचा जाळ करण्याचे कारण नाही. कारखानदारात धमक असेल तर त्याने आच उतरवून पाहावी. गुण : तीन.'

तिसऱ्या शब्दाला बाईंना वाक्य ओळखू आले होते. तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचले.

"हे छापून आलं आणि दोन दुकानांनी माल घ्यायचं बंद केलं," कारखानदार मागून सांगत होता. त्यात तक्रार नव्हती. "बायको म्हणाली, पुरे करा आता. मी म्हटलं, शिव्या घातल्यात खऱ्या, पण उपायही दिलाय. करून पाहिलं आणि चव कुठल्या कुठे गेली. चांगल्या अर्थाने."

लेक कात्रणाजवळ आली. तिने ते वाचले, खालचा कोपरा पाहिला.

"कुणी लिहिलंय हे?"

"कोण जाणे. त्यांच्या मासिकात सही नसते, नुसतं 'चाखणी मंडळ'. पण माणूस जाणकार असावा."

शेडच्या पत्र्यावर कुठेतरी पक्षी चालत होता. त्याची पावले मोजता येत होती.

"मी," बाई म्हणाल्या. "हे मी लिहिलंय."

कारखानदाराने बाईंकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग पुन्हा बाईंकडे. लेक हलली नाही.

"तो तुला विचारत नव्हता," ती हळूच म्हणाली.

"तू विचारलंस."

कारखानदाराने पातेल्याच्या कडेवर हात ठेवला. त्याला रागवायचे होते की हसायचे हे त्याचे ठरत नसावे. शेवटी त्याने आपल्या कामाचा प्रश्न विचारला. "मग आता आच किती ठेवू?"

"ठाऊक नाही. भाजीच्या पाण्याची चव होती, हे मी मागे घेत नाही, ती होतीच. पण आकडा आता मोजल्याशिवाय सांगणार नाही. तुमच्या पातेल्यावर, दर दहा मिनिटांनी एक नमुना घेऊन."

"नवी बिअर गुरुवारी चारला तयार होतेय. तेव्हा याल?"

बाई बोलायच्या आत लेक बोलली. "गुरुवारी चारला नाही जमायचं. तेव्हा तिच्याकडे नात असते. शुक्रवारी येईल."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग पिशवीतून संपादकांचा कागद काढून टाकीला टेकवला. पहिले तीन रकाने त्यांनी सकाळीच पेन्सिलीने भरले होते. लेकीने पर्समधून पेन काढून त्यांच्या हातात दिले आणि कागद हलू नये म्हणून वरची कड बोटांनी धरून ठेवली. चौथ्या रकान्यात बाईंनी लिहिले:

'कारण : बिअर ७८ अंशांवर तापवली, त्यामुळे तिच्यातली दारू पुरती गेली नाही. ७८ हा आकडा कारखानदाराने या मासिकाच्या गेल्या वर्षीच्या जुलैच्या अंकातून घेतला. तो मी दिला होता. देण्यापूर्वी मी तो पडताळून पाहिला नव्हता.'